एसीचं पाणी

मैना पुढे, यशश्री तिच्यामागे मोबाइलमध्ये बघत, आणि दोघींच्या मागे पिशव्या घेऊन मी. अशा वेळी बापाच्या डोक्यात काही नसतं, आणि माझ्याही नव्हतं. मस्कतमध्ये मत्रहच्या सूकमागच्या, म्हणजे जुन्या बाजारामागच्या, त्या गल्लीत दुकानांचे एसी डोक्यावर घरघरत असतात आणि खालून जाणाऱ्यांच्या मानेवर थेंब टाकतात. एक थेंब माझ्या मानेवर पडला म्हणून मी वर बघितलं. शेजारच्या इस्त्रीच्या दुकानाच्या दाराशी, बरोबर एसीच्या नळीखाली, खिळ्याला एक दाढी टांगलेली होती. चांगली हातभर लांब, करडी, आणि जिथे पाणी पडत होतं तिथे हिरवी. एक थेंब वरच्या झुपक्यात शिरला, मी त्याची खाली यायची वाट बघत राहिलो, आणि तो आलाच नाही, तिने पिऊन टाकला. ओमानमध्ये ही वस्तू दुकानात मिळत नाही. माझ्या माहितीत ती या देशात एकदाच आली होती, विमानाने, चौदा खोक्यांतून, आणि ती सगळी मेली असं मी स्वतः सही करून लिहून दिलं होतं. दाराच्या काचेतून आत एका माणसाची पाठ दिसत होती. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. त्याने शर्टाची बाही ओढून सरळ केली आणि मान जराशी वळवली, आणि मी निघालो. पळालो म्हणणं जास्त खरं होईल. यशश्री ओरडली, "बाबा, व्हाय आर यू रनिंग?" आणि मैनेने वळून बघितलं, "अहो, काय झालं?" मी म्हटलं, "गाडी नो-पार्किंगमध्ये आहे." गाडी समुद्राकाठच्या रस्त्यावर, कॉर्निशवर, अगदी रीतसर लावलेली होती, ते पाच मिनिटांनी दोघींना दिसलं.

त्या माणसाचं नाव उस्मान. आमच्याच दापोली तालुक्यातला, माझ्या गावापासून दोन खाड्या पलीकडचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, तरी मला साहेब म्हणायचा. मी बागकाम कंपनीत सुपरवायझर, तो माझ्या हाताखाली. दोन हजार चौदा साली मस्कतच्या कुरुम भागातल्या एका हॉटेलात अमेरिकेच्या दक्षिणेकडचं जेवण देणारं रेस्टॉरंट निघायचं होतं आणि आतल्या झाडांचं काम आमच्याकडे होतं. भिंतभर एक फोटो लावलेला होता. दोन्ही बाजूंना म्हातारे, अवाढव्य ओक, मधून मातीचा रस्ता, आणि प्रत्येक फांदीवरून जमिनीपर्यंत सुटलेल्या करड्या झिपऱ्या. लांब कुठेतरी नदी असावी असा उजेड. मी दुपारचा डबा त्या फोटोसमोर बसून खायचो. मस्कतला येऊन मला तेव्हा सात वर्षं झाली होती, आणि एखाद्या जागेत ओल आहे हे नुसतं बघून कळतं, हे मी विसरून गेलो होतो. त्या फोटोत ओल होती. आमच्याकडे श्रावणात आंब्याच्या खोडावर नेचे आणि आमरी फुटतात, चिऱ्याच्या गडग्यावर शेवाळ इतकं दाट होतं की हात बुडतो, आणि तेच शेवाळ मे महिन्यात काळं ठिक्कर पडतं, पण कोणी त्याला मेलं म्हणत नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी पुढे व्हायचं ते झालंच, म्हणून हे मुद्दाम सांगून ठेवतो.

खोकी आली तेव्हा मी माणसांना गोळा करून व्याख्यान दिलं. शेतीची पदविका आहे ना! म्हटलं, याला स्पॅनिश मॉस म्हणतात, पण हे स्पेनचं नव्हे आणि शेवाळही नव्हे, अननसाच्या कुळातलं झाड आहे. मूळ नाही, माती नको. फांदीला नुसतं अडकून राहतं, पण बांडगूळ नव्हे, झाडाचं काही खात नाही. हवेतली ओल आणि पावसाचं पाणी अंगावरच्या बारीक खवल्यांनी पितं. कोरडं असलं की करडं दिसतं, भिजलं की हिरवं. मेलेलं आणि तहानलेलं यात लांबून फरक कळत नाही, पाणी मारून बघावं लागतं. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि उस्मानने विचारलं, "पण सायेब, पाऊस हितं कुटनं आणायचा?" मी हसलो, आणि दुसऱ्या दिवशी त्यानेच उत्तर आणलं. हॉटेलच्या छतावर एसीचं पाणी दिवसभर गळत असतं. लोक ते गाडीच्या बॅटरीत घालतात, इस्त्रीवाले इस्त्रीत भरतात, कारण त्यात क्षार नसतो. वसईचा ऑगस्टीन तिथे मेंटेनन्सला होता, त्याला पटवून उस्मानने नळीखाली दोन पिंपं लावली. सकाळ-संध्याकाळ शिडीवर चढून पंपाने तो एकेका झुपक्याला भिजवायचा आणि खाली उतरून दोन पावलं मागे सरकून बघायचा, हिरवं झालं का. दारावरच्या सगळ्यात मोठ्या झुपक्याचं नाव त्याने म्हातारा ठेवलं होतं. "म्हाताऱ्याची आंघोळ झाली" म्हणून मला रोज सांगायचा. ऑगस्टीन म्हणायचा, "ए एकनाथ, हा तुझा उस्मान बायकोची काळजी एवढी करत असेल काय रे?"

उद्घाटनाला चार दिवस राहिले आणि हॉटेलने कसल्या तरी दुरुस्तीसाठी एसी बंद ठेवला. पिंपं कोरडी. रेस्टॉरंटमध्ये हवा खेळावी म्हणून मोठे पंखे लावलेले, त्या वाऱ्यात दाढ्या दिवसभर फडफडत होत्या. उस्मान म्हणाला, बाटलीबंद पाणी आणू. मी म्हटलं, एवढ्या बाटल्या कोण फोडत बसणार, बाहेर बागेची नळी आहे ना, मार त्याने. बागेला इकडे सांडपाणी शुद्ध करून देतात, झाडांना चालतं, पण क्षार भरपूर. हे मला माहीत होतं. उस्मानने नळीचा वास घेतला आणि म्हणाला, "ह्ये पानी म्हाताऱ्याला नाय सोसायचं, सायेब." मी घड्याळ बघितलं. माझ्या डोक्यात त्या आठवड्यात दुसरंच होतं. मैना आणि यशश्रीचे फॅमिली व्हिसा नुकते मंजूर झाले होते, मी फ्लॅटला पडदे लावत होतो. "यल्ला, चल, मार," मी म्हणालो. दोन दिवसांत सगळ्या झिपऱ्यांवर पांढरी पूड धरली, त्या काथ्यासारख्या कडक झाल्या आणि नाकाला कळेल असा वास यायला लागला. हॉटेलचा मोठा साहेब आला, एक झिपरी दोन बोटांनी मोडली, आणि म्हणाला, हे मेलंय, उद्यापर्यंत मला इथे दुसरं काहीतरी हवंय. आमचा मॅनेजर मधु, केरळचा, वाईट माणूस नव्हे, त्याने मला बाजूला घेऊन एवढंच म्हटलं, "एकनाथ भाई, कारण लिखके दो. किसने पानी बदला?"

त्याने मला दहा मिनिटं दिली होती. खरं म्हणजे दोनच पुरली. मी लिहिलं की झाडं पूर्णपणे मेलेली आहेत, आणि कामगाराने सूचना नसताना बागेचं पाणी वापरलं. नाव लिहिलं. सही केली. कागद मधुच्या हातात दिला. मग स्टाफच्या बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ हात धूत राहिलो. चार वर्षं मी या गोष्टीकडे पुष्कळ बाजूंनी बघितलं आहे, स्वतःची वकिली करण्यात मी काही कमी नाही. घाबरलो होतो, हे खरंच आहे. बायको-मुलगी वीस दिवसांनी विमानात बसणार होत्या. वरिष्ठ म्हणून चूक माझी होती, पण नळी त्याच्या हातात होती. असली वाक्यं मी जमवली, आणि दर वेळी जमवून झाली की शरम वाटायची ती वाटायचीच. उस्मानला कंपनीने काढलं. तेव्हा नियम असा होता की कंपनीने ना-हरकत दिली नाही तर दोन वर्षं परत यायचं नाही, आणि ती दिली नाही. तो कामगारांच्या कॅम्पच्या गाडीत बसायला निघाला तेव्हा मी त्याचा हात धरून म्हणालो, "मी खूप सांगून पाहिलं रे, उस्मान." कुठून सुचलं कोण जाणे. तोच माझी समजूत काढत राहिला. "तुमी जिवाला लावून नका घेऊ, सायेब." पुढच्या आठवड्यात त्याचे तीन फोन आले. मी उचलले नाहीत. शिव्या घालायला करत असेल असं मी धरून चाललो होतो, आणि खरं सांगायचं तर त्याने शिव्या घालाव्यात असं वाटतही होतं, फक्त ऐकायच्या नव्हत्या. रेस्टॉरंटमध्ये दुबईहून प्लॅस्टिकच्या दाढ्या आणून टांगल्या. उद्घाटनाला लोक त्यांच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते, कोणालाही फरक कळला नाही. अजून त्या तिथेच आहेत. दर तीन महिन्यांनी माझीच माणसं त्यांच्यावरची धूळ झटकतात, आणि ते काम बघायला मी जातो.

एवढ्यावर राहिलं असतं तर मी बहुतेक विसरलो असतो, माणूस पचवतो. पण त्याच वर्षी मे महिन्यात आईचा फोन आला. "तुझ्या हाताखालचा तो उस्मान येऊन गेला हो. त्याची बायको आमिना, तीही आली होती. आमसुलं घेऊन आली, घरची, ताजी. फार माया आहे हो त्याची तुझ्यावर. माझा एकनाथ तिथे बरा आहे ना, विचारलं, तर म्हणाला, लाख माणूस आहे." पुढच्या वर्षीही आमसुलं आली. त्याच्या पुढच्या वर्षीही. कोणीतरी मस्कतला येणारं असलं की आई त्यातली पिशवी पाठवायची, आणि मैना सोलकढी करायची. मैनेच्या हाताला चव आहे. मी वाटी तोंडाला लावायचो, आणि समोर बसलेली माझी मुलगी, जी त्या व्हिसावर इथे आली, त्या पडद्यांच्या घरात वाढली, ती विचारायची, "बाबा, यू डोन्ट लाइक इट?" मी म्हणायचो, आवडते ना. आणि दुसरी वाटी घ्यायचो. मला वाटतं त्या दुसऱ्या वाटीइतका कोडगेपणा मी आयुष्यात दुसरा केला नसेल.

दोन हजार सोळाच्या ऑगस्टमध्ये आम्ही सलालाला गेलो. मस्कतहून दहा तास वाळवंट, वाळू, पुन्हा वाळू, आणि मग अचानक गाडी चढाला लागते आणि काच पुसावी लागते. तिथे दक्षिणेत त्या दोन महिन्यांत समुद्रावरून धुकं चढतं आणि डोंगरावर अडून राहतं. पाऊस असा पडतच नाही, पण झाडं धुकं पकडतात, फांदीफांदीवरून पाणी टपकत असतं, आणि झाडाखाली उभं राहिलं तर माणूस भिजतो. त्या झाडांवरही करड्या-हिरव्या झिपऱ्या असतात. ती वेगळी वनस्पती, दगडफुलाच्या जातीतली, मला माहीत आहे. पण यशश्री गाडीतून उतरून खालीच उभी राहिली आणि ओरडली, "बाबा, लुक, त्या झाडाला दाढी आहे!" मैना पदर डोक्यावर घेऊन हसत होती. कधी नव्हे ती अशी हसत होती. मला त्या क्षणी उतरून दोघींजवळ जायचं होतं. मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो आणि वायपर चालू केला. पूर्वी तो फोटो बघताना मला आमचं गाव आठवायचं. आता गावाकडची ओल आठवली तरी उस्मान आठवायचा, आणि आमसुलं. शेवटी मैना येऊन काचेवर टिचकी मारून म्हणाली, "अहो, एवढ्या लांब गाडीत बसायला आलात का?"

मत्रहहून आल्यावर आठवडाभर मी कामाला जात होतो आणि परत येत होतो. तो परत आला आहे, दुसऱ्या कोणाच्या तरी व्हिसावर, आणि त्याच्याकडे एक झुपका जिवंत आहे, एवढं मी मनाला पुन्हा पुन्हा सांगत होतो. कामावर ज्याला त्याला ओरडत होतो. शुक्रवारी जेवताना सोलकढीची वाटी मी बाजूला सारली. मैना म्हणाली, "त्या दिवशी गल्लीत कोण होतं?" मी म्हटलं, "ज्याची आमसुलं आहेत तो." ती म्हणाली, "मग पळालात का? घरी बोलवायचं सोडून?" तिला मी काय सांगणार होतो? ते आधी त्याला सांगायला हवं होतं, निदान एवढं तरी मला कळलं.

शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास मी कपाटातला एक इस्त्रीचा शर्ट घेतला आणि गाडीत बसून तो चांगला चुरगाळला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, कॉर्निशवर गाडी लावून, शर्टाचा बोळा करतोय. शेजारच्या गाडीतली बाई बघत होती. तिला मी हातानेच सलाम केला. मग गल्लीत गेलो. दुकानात उस्मान एकटाच होता. त्याची दाढी पूर्ण पांढरी झालेली, पण दोन पावलं मागे सरकून शर्टाकडे बघायची रीत तीच. मला बघितलं आणि त्याचं तोंड असं फुललं की मला वाटलं, अजूनही निघून जाता येईल.

"सायेब! या, या. आई कशी हाय? मंडळी?"

"बरी आहेत. उस्मान, शर्ट होता एक."

त्याने शर्ट घेतला, झटकला, उजेडात धरला, आणि त्यावरची जुनी इस्त्रीची घडी त्याच्या नजरेतून सुटली नसणार. त्याने तो टेबलावर पसरला. मग आठवल्यासारखं करून मला हाताला धरून दाराशी नेलं. "वळखलात का? म्हातारा! कचऱ्याच्या थैल्या भरत होतो ना, तवा एक मूठ खिशात घातली. नुसती आठवन म्हनून. कॅम्पमधी एसीखाली टांगली, तर तिसऱ्या दिवशी हिरवी! जाताना खोलीवाल्याकडं ठेवली, आल्यावर परत घेतली. चार वर्सांत बघा केवढा झालाय." त्याने इस्त्रीच्या पाण्याची बाटली घेऊन वरून फवारा मारला. माझ्यासमोर एक कोपरा करड्याचा हिरवा होत गेला. मग कात्रीने त्याने खालची वीतभर झिपरी कापली, हळूच कपड्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली आणि टेबलावर माझ्या शर्टाशेजारी ठेवली. "घरी न्या. पोरीला दाखवा. एसीच्या नळीखाली लावा, दुसरं काय नको."

"उस्मान," मी म्हणालो, "तो कागद मी लिहिला होता. तुझं नाव मी लिहिलं होतं."

तो इस्त्री उचलून कॉलरवरून फिरवत होता, ती थांबली नाही. "म्हाईत हाय. मधुसायबानं वाचून दाकवला ना मला. म्हनला, तुजा सुपरवायझर असं लिवतो, खरं काय? मी म्हनलं, खरं." त्याने कॉलर उलटली. "तुमची मंडळी यायची होती. तुमी पडदे लावत होता. मी हितं एकटा, मला काय, गेलो तर घरी जानार. आनि तुमी भ्यालेलात, सायेब, मी बघत होतो ना तोंडाकडं. भ्यालेला मानूस काय पन लिवतो. तुमाला वाटलं समदं मेलं. खलास झालं ते."

मी स्टुलावर बसलो. चार वर्षं जे सांगायचं म्हणून मी रात्रंदिवस उरावर घेऊन फिरलो, ते याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि ठाऊक असून आमिना आमसुलं घेऊन माझ्या आईकडे जात होती. मला हलकं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही, हे कबूल करतो. आता उठावं, शर्ट घ्यावा, ती पिशवी घ्यावी, घरी जेवायला बोलवावं, असं मन म्हणायलाही लागलं होतं.

"मी त्येच सांगायला फोन करत होतो," उस्मान म्हणाला. "तीन डाव केला. म्हनलं, सायबांना सांगावं, मेलं नाय ते, हिरवं झालंय. तुमाला बरं वाटलं असतं." त्याने बाही पसरली, हाताने सरळ केली, आणि मग सहज, खरोखरच कुतूहलाने विचारलं, "येक विचारू? तुमीच आमाला शिकवलंत, पानी मारून बघा म्हनून. मग त्या दिवशी तुमी भिजवून बघितलं नव्हतंत काय?"

स्टाफच्या बाथरूममध्ये तो पिवळा दिवा होता. दार आतून लावलेलं. खिशात मूठभर झिपरी, ती मी कागद देऊन आल्यावर का उचलली होती ते मला आजही नीट सांगता येत नाही. पिण्याच्या बाटलीतलं पाणी मी तिच्यावर ओतलं. पांढरी पूड धुऊन गेली. आधी काही झालं नाही. मग माझ्या तळहातावर ती हळूहळू हिरवी झाली, टोकापासून टोकापर्यंत, माझ्या डोळ्यांसमोर. मधु तेव्हा बाहेर पॅसेजमध्येच उभा होता, कागद त्याच्या हातात होता, त्याचा आवाज मला दारातून ऐकू येत होता. दार उघडून पाच पावलं चालायची होती. मी ती झिपरी पिळली, टिश्यूत गुंडाळली, कचऱ्याच्या डब्यात तळाशी घातली आणि हात धुतले.

नव्हतं बघितलं, असं म्हणणं किती सोपं होतं. उस्मान विश्वास ठेवायला तयारच होता.

"बघितलं होतं," मी म्हणालो.

इस्त्री थांबली. कापडातून वाफ वर येत राहिली तेव्हा त्याने ती उचलून उभी ठेवली. "कवा?"

"कागद दिल्यावर. लगेच. हिरवं झालं होतं."

तो माझ्याकडे बघत नव्हता, शर्टाकडे बघत होता. मग त्याने पुन्हा इस्त्री घेतली, राहिलेली बाही पुरी केली, बटणं लावली, घडी घातली, घडीवरून एकदा हात फिरवला. कुठेही घाई नाही. शर्ट कागदात गुंडाळून त्याने माझ्यापुढे ठेवला. मग टेबलावरची ती प्लॅस्टिकची पिशवी उचलली, तिच्यातली झिपरी बाहेर काढली, दाराशी गेला, टाचा उंच करून ती परत खिळ्याला म्हाताऱ्याच्या अंगावर अडकवली, आणि दोन पावलं मागे सरकून बघितलं.

"येक वाजला," तो म्हणाला, "दुकान बंद करायचंय." साहेब म्हणाला नाही.

मी शर्ट घेऊन बाहेर आलो. मागे शटर खाली आलं. दुपारच्या सुटीसाठी गल्लीत सगळीच शटरं पडत होती, एसी एकेक करून बंद होत होते, आणि नळ्यांना राहिलेलं पाणी अजून थोडा वेळ गळत होतं. शर्ट कागदातूनही गरम लागत होता.